सामताबेडचे घर : शरच्चंद्रांची वास्तू आणि वाचकांची स्मृती

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास जाणारी गाडी प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात कोलाघाटजवळ रूपनारायण नदीचा लांब पूल ओलांडते. नदीच्या एका तीरावर मेदिनीपूरचा प्रदेश, दुसऱ्या तीरावर हावडा जिल्हा. पूल मागे पडताच देउलटी नावाचे एक लहान स्थानक येते. हावड्यापासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे. दूरच्या प्रवाशाला त्याचे नावही वाचता येऊ नये इतक्या वेगाने ते निघून जाते. या स्थानकापासून काही किलोमीटर आत, रूपनारायणाच्या बाजूस, सामताबेड हे खेडे आहे आणि तेथे शरच्चंद्र चट्टोपाध्याय (१८७६–१९३८) यांनी स्वतः बांधलेले दुमजली घर उभे आहे. मराठी वाचक ज्यांना शरच्चंद्र चटर्जी किंवा नुसते शरदबाबू म्हणून ओळखतो, त्यांच्या आयुष्याची अखेरची बारा वर्षे मुख्यतः या घराशी निगडित आहेत.

हा लोहमार्ग १९०० साली बंगाल–नागपूर रेल्वेने हावड्यापर्यंत आणला. जवळून जाणाऱ्या महामार्गाला हावड्याच्या परिसरात आजही ‘बाँबे रोड’ म्हणतात. महाराष्ट्राकडे जाणारे दोन्ही रस्ते या घराच्या वाऱ्यावरून जातात, आणि तरीही मराठी अभ्यासकांच्या लेखनात या वास्तूचा उल्लेख क्वचितच आढळतो. शरच्चंद्रांची पात्रे मराठीत घरोघर पोचली; त्यांचे घर मात्र पोचले नाही.

घराला लोक ‘शरत् कुठी’ म्हणतात. हा शब्द थोडा थबकून पाहण्याजोगा आहे. बंगालमध्ये ‘कुठी’ म्हटले की प्रथम आठवते ती निळीच्या मळेवाल्या साहेबाची ‘नीलकुठी’, किंवा त्याहून आधीची कंपनीची वखार. मराठीतील ‘कोठी’ याच कुळातला शब्द. त्यालाही धान्य, खजिना आणि सत्ता यांचा वास आहे. वसाहतकाळातील जतन केलेली घरे म्हणून आपल्याकडे सामान्यतः दाखविली जातात ती राज्यपालांची निवासस्थाने, व्यापाऱ्यांचे वाडे, संस्थानिकांचे महाल. सामताबेडच्या घराचा मालक यांपैकी कोणीच नव्हता. रंगूनच्या सरकारी हिशेब कार्यालयात कारकुनी केलेला आणि पुढे केवळ लेखणीवर जगलेला तो एक गृहस्थ होता. ज्या काळात भारतीय भाषांतील लेखकाला लेखनाच्या उत्पन्नातून संसार चालविणेही अवघड होते, त्या काळात कादंबऱ्यांच्या पैशावर उभे राहिलेले घर, हे त्याचे पहिले ऐतिहासिक वैशिष्ट्य मानावे लागेल. ‘कुठी’ हे नाव त्याला वाचकांच्या आदराने दिले आहे.

शरच्चंद्रांच्या आयुष्यात ‘आपले घर’ ही गोष्ट फार उशिरा आली. त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८७६ रोजी हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूर येथे झाला. वडील मोतीलाल हे कल्पक, वाचनवेडे, परंतु कोणत्याच उद्योगात न टिकणारे गृहस्थ. दारिद्र्यापायी देवानंदपूरचे घर त्यांच्या हातून गेले आणि मुलांचे बालपण बरेचसे भागलपूरला आजोळी गेले. १९०३ साली शरच्चंद्र ब्रह्मदेशात गेले. रंगूनमध्ये त्यांनी संसार मांडला. पहिली पत्नी शांतिदेवी आणि तान्हे मूल प्लेगने नेले. पुढे हिरण्मयीदेवींशी त्यांचा विवाह झाला. १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांचे रंगूनमधील लाकडी घर आगीत भस्मसात झाले. त्या आगीत त्यांचा ग्रंथसंग्रह गेला, ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित गेले आणि त्यांनी रंगविलेले ‘महाश्वेता’ हे तैलचित्रही गेले. ‘चरित्रहीन’ त्यांनी पुन्हा लिहिली. चित्र पुन्हा काढले नाही.

१९१६ साली प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी रंगूनची नोकरी सोडली. कलकत्त्याचे प्रकाशक हरिदास चट्टोपाध्याय यांनी लेखनाच्या मोबदल्यात दरमहा १०० रुपये देण्याचे मान्य केले होते. त्या आधारावर ते परतले आणि हावडा शहरातील बाजे शिवपूर येथे भाड्याच्या घरात राहू लागले. ‘देवदास’, ‘चरित्रहीन’, ‘श्रीकांत’चे पहिले दोन भाग, ‘दत्ता’, ‘गृहदाह’ आणि ‘देना पाओना’ ही पुस्तके याच काळात प्रसिद्ध झाली. १९२३ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना जगत्तारिणी सुवर्णपदक दिले. गिरण्या, गोद्या आणि तागाचे कारखाने यांनी गजबजलेल्या या शहरात ते जवळजवळ दहा वर्षे होते. लेखक म्हणून त्यांची कीर्ती हावड्यातच पसरली, हे खरे. पण शहरातील कोणतेही घर त्यांचे स्मारक म्हणून लोकांच्या मनात रुजले नाही. भाडेकरूच्या आठवणी भिंतींना फार काळ चिकटून राहत नाहीत.

सामताबेड निवडण्याचे कारण नात्यातले होते. शरच्चंद्रांची थोरली बहीण अनिलादेवी शेजारच्या गोविंदपूर गावी दिली होती. बहिणीकडे जाणे-येणे होते, त्यातून नदीकाठची जागा नजरेत भरली, आणि तेथे जमीन घेऊन १९२३ च्या सुमारास बांधकाम झाले. १९२६ पासून ते तेथे राहावयास गेले. या अनिलादेवींच्या नावाला वाङ्मयेतिहासात वेगळेच स्थान आहे. १९१३ साली ‘यमुना’ मासिकात स्त्रीच्या मूल्याविषयी ‘नारीर मूल्य’ हा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला, तो ‘अनिलादेवी’ या सहीने. लेखक अर्थात शरच्चंद्र होते. समाजाने स्त्रीला काय किमतीत मोजले याची कठोर उलटतपासणी करणाऱ्या निबंधावर भावाने बहिणीचे नाव घातले, आणि दहा वर्षांनी त्याच बहिणीच्या सासरच्या परिसरात घर बांधले. भाऊ बहिणीच्या सासरगावी जाऊन स्थायिक होतो, ही गोष्ट त्या काळच्या बंगाली काय किंवा मराठी काय, कोणत्याही कुटुंबात सहजासहजी घडणारी नव्हती. घराच्या माहितीत हा तपशील बहुधा एका वाक्यात उरकला जातो. तो त्याहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे.

घराच्या रचनेला सर्वजण ‘ब्रह्मी पद्धतीची’ म्हणतात. उतरती कौलारू छपरे, दोन्ही मजल्यांना लाभलेले मोकळे व्हरांडे, लाकडाचा सढळ वापर, समोर बाग, अशी ही मांडणी आहे. रंगूनमध्ये तेरा वर्षे काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत तेथील घरे राहिली असतील, हे सहज पटते. तथापि या विशेषणावर फार भार टाकू नये. व्हरांडा आणि उतरते छप्पर ही बंगालच्या खेड्यातील जुनीच ओळख आहे. ‘बंगला’ हा शब्द मराठीत रूढ झाला तोच मुळी बंगालच्या नावावरून, आणि इंग्रजांनी याच नमुन्यावर आपली हिंदुस्थानातील निवासस्थाने बेतली. त्या नमुन्याची रूपे ब्रह्मदेशातही उभी राहिली. तेव्हा सामताबेडच्या घरात ब्रह्मदेश किती, बंगाल किती आणि साहेबी बंगला किती, याची वाटणी करणे सोपे नाही. प्रवासवर्णनांतून ‘ब्रह्मी’ हा शब्द वारंवार येतो तो बांधकामशास्त्रापेक्षा चरित्राच्या ओढीने. ज्याचे लाकडी घर रंगूनला जळाले त्याने मायदेशी पुन्हा तसेच घर बांधले, ही कल्पनाच वाचकाला मोहविणारी आहे. ती खोटी नसावी. परंतु तिचा पुरावा विटा-लाकडापेक्षा मनात अधिक आहे.

आत गेल्यावर पाहावयास मिळतात त्या वस्तू मोजक्या आणि साध्या आहेत: लिहिण्याचे मेज, खुर्ची, हुक्का, भिंतीवरचे घड्याळ, पुस्तकांचे कपाट. लिहिण्याच्या खोलीची खिडकी नदीच्या दिशेस उघडते. शरच्चंद्र होमिओपॅथीची औषधे देत आणि आसपासच्या गावांतील गरीब रोगी त्यांच्याकडे येत. देवघरातील राधाकृष्णाची मूर्ती देशबंधू चित्तरंजन दास यांनी त्यांना दिली होती. चित्तरंजन १९२५ च्या जूनमध्ये निवर्तले, त्यामुळे ही मूर्ती शरच्चंद्र सामताबेडला राहावयास येण्याआधीच त्यांच्याकडे आलेली होती. राजकारणातील एका मोठ्या पुढाऱ्याने कादंबरीकाराला वैष्णव मूर्ती द्यावी, यात त्या काळच्या बंगाली राजकारणाचा एक पोत दिसतो.

येथवर वास्तूचा इतिहास सरळ आहे. तो गुंतागुंतीचा होतो तो अंगणात. घर पाहावयास येणाऱ्या लोकांना एक पेरूचे झाड दाखविण्यात येते आणि ‘रामेर सुमति’ या कथेतला पेरू तो हाच, असे सांगण्यात येते. जवळच्या तळ्याकडे बोट दाखवून कार्तिक आणि गणेश हे मासे येथेच होते, असेही सांगतात. ज्यांनी ती कथा वाचली आहे त्यांना हे ऐकताना काय वाटत असेल याची कल्पना करता येते. व्रात्य, हट्टी, पण मनाने निर्मळ असा राम. आईच्या मायेने त्याला वाढविणारी त्याची वहिनी नारायणी. घरात येऊन बसलेली आणि रामाचा राग राग करणारी नारायणीची आई दिगंबरी. तळ्यातल्या दोन मोठ्या माशांना रामाने देवांची नावे दिली आहेत आणि ते कोणी मारलेले त्याला खपत नाही. दिगंबरीवर रागाने भिरकावलेला कच्चा पेरू नेमका वहिनीच्या कपाळावर बसतो आणि घर फुटते. दीर आणि वहिनी यांच्या नात्याची ही गोष्ट मराठी वाचकालाही परकी वाटत नाही.

परंतु ‘रामेर सुमति’ प्रथम प्रसिद्ध झाली ती १९१३ साली ‘यमुना’ मासिकात, आणि पुस्तकरूपाने १९१४ साली ‘बिंदुर छेले’ या संग्रहात. त्या वेळी शरच्चंद्र रंगूनमध्ये कारकून होते. सामताबेडचे घर बांधावयास अजून दहा वर्षे अवकाश होता. बंगालच्या खेड्यातील समाजाचे सर्वांत निर्दय चित्र ज्या कादंबरीत आहे ती ‘पल्लीसमाज’ही १९१६ च्या आरंभीची, म्हणजे ब्रह्मदेश सोडण्यापूर्वीची. स्थानिक सांगण्यात तिचाही संबंध याच परिसराशी जोडला जातो. गफूर, अमिना आणि त्यांचा बैल यांची ‘महेश’ ही कथा १९२२ ची. तीही हे घर उभे राहण्याआधीची. तिच्या शेवटी कर्जाने आणि जमीनदाराने नागवलेला गफूर मुलीचा हात धरून तागाच्या गिरणीच्या वाटेला लागतो. शिवपूरला राहणाऱ्या लेखकाला हुगळीच्या काठच्या गिरण्या आणि तेथे खेड्यातून आलेली माणसे रोज दिसत होती. सामताबेडपेक्षा हावडा शहराचे ऋण या कथेवर अधिक आहे, असे म्हणावयास जागा आहे.

मग पेरूचे झाड खोटे म्हणावयाचे काय? कालक्रमाच्या न्यायालयात ते टिकत नाही, एवढे निश्चित. ग्रंथसूची हाती असलेल्या अभ्यासकाने तेथेच थांबणे मात्र आळशीपणाचे होईल. ही आख्यायिका कशी जन्मली असेल याचा विचार केला तर एक वेगळी गोष्ट हाती येते. रंगूनमधील भाड्याच्या खोलीत बसून ज्याने तळे, अंगण, फळझाडे आणि माणसांनी भरलेले घर अशी एक सृष्टी रचली, त्याने पैसा हाती येताच नेमके तसेच घर बांधले, तळे राखले, झाडे लावली. वाचक जेव्हा तेथे आले तेव्हा त्यांना ते ओळखीचे वाटले, कारण ते त्यांनी आधी पुस्तकात पाहिलेले होते. कथा घरातून निघाली नाही. घर कथेच्या मागून आले. गावकऱ्यांनी आणि यात्रेकरूंनी हा क्रम उलटा केला, आणि असा उलटा क्रमच यात्रेला सोयीचा असतो. कालनिर्णयाची चूक म्हणून तो टाकून द्यावा, पण वाचकांच्या स्वीकाराचा पुरावा म्हणून तो जपून ठेवावा, अशा दुहेरी योग्यतेची ही आख्यायिका आहे.

तिचा एक तोटा आहे आणि तो लहान नाही. पेरू, मासे आणि वहिनी यांच्या या मायाळू चित्रामागे त्या घरात प्रत्यक्ष राहिलेला शरच्चंद्र झाकला जातो. १९२१ पासून १९३६ पर्यंत ते हावडा जिल्हा काँग्रेस समितीचे अध्यक्ष होते. सामताबेडला ते आले त्याच वर्षी, १९२६ च्या ऑगस्टमध्ये, ‘पथेर दाबी’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी ती ‘बंगवाणी’ मासिकातून क्रमशः येत होती. सशस्त्र क्रांतीचे स्वप्न पाहणारा सव्यसाची, परक्या सत्तेची चीड, रंगूनच्या गिरणी-कामगारांच्या वस्त्या, धर्माचाराचा फोलपणा, हे सारे तिच्यात आहे. १९२७ च्या जानेवारीत सरकारने ती जप्त केली. शरच्चंद्रांची अपेक्षा होती की रवींद्रनाथांनी या जप्तीचा जाहीर निषेध करावा. रवींद्रनाथांनी तसे करण्यास नकार दिला. पुस्तक वाचकाचे मन राज्यसत्तेविरुद्ध पेटविते, तेव्हा सत्तेकडून त्याची किंमत चुकवावी लागणारच, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शरच्चंद्र त्याने फार दुखावले. त्या काळातील त्यांच्या पत्रांच्या माथ्यावर सामताबेड, डाकघर पाणित्रास, जिल्हा हावडा हा पत्ता असे. भारतीय भाषांतील दोन श्रेष्ठ लेखकांमध्ये साहित्य आणि राजद्रोह यांविषयी जो तात्त्विक वाद झाला, त्याचे एक टोक या खेड्यातील टपालघराला बांधलेले आहे. ‘पथेर दाबी’वरील बंदी उठली ती १९३९ साली. लेखक तेव्हा हयात नव्हता.

या घरातील वास्तव्यात ‘श्रीकांत’चा तिसरा भाग १९२७ साली, ‘शेष प्रश्न’ १९३१ साली, ‘श्रीकांत’चा चौथा भाग १९३३ साली आणि ‘विप्रदास’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. ‘शेष प्रश्न’ची पार्श्वभूमी आहे आग्रा शहर, आणि तिची नायिका कमल विवाह, एकनिष्ठा, ब्रह्मचर्य व प्राचीन आदर्श यांवर असे प्रश्न विचारते की तत्कालीन वाचक गोंधळून गेले. म्हणजे रंगूनमध्ये बसून बंगालचे खेडे लिहिणाऱ्या लेखकाने, खेड्यात आल्यावर रंगून आणि आग्रा यांविषयीची पुस्तके वाचकांपुढे ठेवली. दूर गेल्याखेरीज त्यांना ठिकाण दिसत नसे, असा सिद्धांत येथे मांडण्याचा मोह होतो. ‘श्रीकांत’च्या चौथ्या भागाने तो मोडतो. त्यात ते पुन्हा बंगालच्या खेड्यात, वैष्णवांच्या आखाड्यात आणि कमललतेच्या सहवासात परत येतात. ज्या घराच्या देवघरात चित्तरंजनांनी दिलेले राधाकृष्ण होते तेथे हा भाग लिहिला गेला, याची नोंद करावी. त्यापलीकडे जाऊन कार्यकारण लावू नये.

मराठी अभ्यासकाने ‘पथेर दाबी’पाशी आणखी थोडे थांबावे, असे एक कारण आहे. कादंबरीचा तरुण बंगाली नायक अपूर्व रंगूनमध्ये ज्या कंपनीत नोकरीस लागतो तेथील त्याचा सहकारी रामदास तळवलकर हा मराठी ब्राह्मण आहे. बंगाली संहितेत त्याचे आडनाव ‘तलवारकर’ असे येते. आचारविचारांनी जखडलेल्या अपूर्वाला परमुलखात कोणाच्या हातचे खावे याची अडचण पडते. तेव्हा रामदासाची पत्नी त्याला गळ घालते, की त्याच्या घरची कोणी स्त्री येईपर्यंत या धाकट्या बहिणीने केलेला गोड पदार्थ त्याने रोज घ्यावा. अपूर्व ते मान्य करतो आणि कचेरीत दुपारी तो फराळ येऊ लागतो. रंगूनसारख्या शहरात बंगाली आणि मराठी माणूस एकमेकांना कसे भेटत, कोणत्या विश्वासावर जवळ येत, याचे हे लहानसे चित्र शरच्चंद्रांनी कचेरीतल्या अनुभवातून घेतले असावे. रामदास केवळ सोबती नाही. परक्या सत्तेने झालेल्या अपमानाची धग त्यालाही ठाऊक आहे. बंगाली कादंबरीतील मराठी माणसांचा कोणी शोध घेऊ लागला तर वर्गी आक्रमणाच्या भयकथांच्या अगदी समोर या फराळाच्या डब्याला जागा द्यावी लागेल.

१९३४ साली शरच्चंद्रांनी दक्षिण कलकत्त्यात अश्विनी दत्त रस्त्यावर दुसरे घर बांधले आणि त्यांचा वावर दोन्हीकडे सुरू झाला. १९३६ मध्ये ढाका विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली. १६ जानेवारी १९३८ रोजी कर्करोगाने कलकत्त्याच्या एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्यांचे धाकटे बंधू प्रभासचंद्र हे संन्यास घेऊन रामकृष्ण संघात स्वामी वेदानंद झाले होते. सामताबेडच्या आवारात त्यांची समाधी आहे, आणि तेथेच शरच्चंद्र व हिरण्मयीदेवी यांचीही स्मृतिस्थाने आहेत. भटक्या म्हणून ख्याती पावलेला लेखक, घर सोडून गेलेला संन्यासी भाऊ आणि रंगूनपासून सोबत असलेली पत्नी, ही तिघेही एका कुंपणात आली.

पुढील चार दशकांत घराची स्थिती खालावत गेली. १९७८ साली पश्चिम बंगालमध्ये जो महापूर आला त्याने या भागातील मातीची असंख्य घरे जमीनदोस्त केली. शरच्चंद्रांचे घर उभे राहिले, पण लाकूडकामाची आणि इमारतीची बरीच हानी झाली. जिल्हा परिषदेने दिलेल्या पैशातून दुरुस्ती करण्यात आली. पश्चिम बंगाल वारसा आयोगाच्या २००१ च्या कायद्याखाली ही वास्तू वारसास्थळ म्हणून घोषित झाली आणि २००९ साली तिचे पुन्हा नूतनीकरण झाले. आज ती पाहावयास खुली आहे. दरवर्षी जानेवारीत पाणित्रास येथे शरद मेळा भरतो, तेव्हा गर्दी होते. एरवी तुरळक माणसे येतात.

नदीचे काय झाले, हेही सांगावयास हवे. ज्या रूपनारायणाच्या ओढीने जागा निवडली तो आता खिडकीखाली नाही. द्वारकेश्वर आणि शिलावती यांच्या संगमातून निघणारी, भरती-ओहोटीने श्वास घेणारी ही नदी गाळाने आपले पात्र सतत बदलते. ती घरापासून दूर सरकली आहे आणि मध्ये शेते आली आहेत. भिंती, मेज, घड्याळ यांचे जतन कायद्याने होऊ शकते. लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर जे होते त्याला कोणताही आयोग वारसा घोषित करू शकत नाही. मातीच्या घरांच्या गावात उभी असलेली ही पक्की वास्तू तशीच ठेवली गेली, आणि भोवतीचे गाव मात्र पूर्वीसारखे राहिले नाही. तुटलेल्या या संदर्भामुळेच कदाचित पेरूच्या झाडाला इतके महत्त्व आले असेल. पाहणाऱ्याला हात लावता येईल असे काहीतरी लागते.

महाराष्ट्रात याच्याशी तुलना करता येण्याजोगे उदाहरण कोकणातील मालगुंडचे आहे. केशवसुतांचे जन्मस्थान असलेले तेथील घर कोकण मराठी साहित्य परिषदेने उचलून धरले आणि १९९४ साली त्याचे स्मारक झाले. दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. केशवसुतांच्या हयातीत मालगुंडचे घर कवीचे घर म्हणून कोणाला ठाऊक नव्हते. ते स्मारक नंतरच्या पिढीने, विचारपूर्वक, कवितेच्या इतिहासातील स्थान पाहून उभे केले. सामताबेडला लोक लेखक जिवंत असतानाच येऊ लागले होते. कार्यकर्ते येत, संपादक येत, रोगी येत. तेथे स्मारक करण्याचा निर्णय वेगळा घ्यावा लागला नाही, आणि कदाचित त्याचमुळे तेथे काय सांगावे याचाही विचार फारसा झाला नाही. मालगुंडला मराठी कवितेचा इतिहास मांडून दाखविण्याची खटपट आहे. सामताबेडला घर आहे, वस्तू आहेत, आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडची गोष्ट आहे. ‘पथेर दाबी’च्या जप्तीचा इतिहास त्या गोष्टीत आला पाहिजे, ‘नारीर मूल्य’ आणि अनिलादेवींचे नाव आले पाहिजे, ‘शेष प्रश्न’ने उठविलेले वादळ आले पाहिजे. पेरूचे झाड त्यासाठी तोडण्याची गरज नाही. त्याच्याजवळ १९१३ हा आकडा लिहिला म्हणजे पुरे.

मराठीतील शरच्चंद्रांचा प्रश्नही याच जातीचा आहे. त्यांचे साहित्य मराठीत आणण्याचे मोठे श्रेय भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर (१८८३–१९६४) यांना आहे. टपाल खात्यातील नोकरी सोडून लेखनाकडे वळलेल्या या नाटककार-कादंबरीकाराला हिशेब कार्यालयातून सुटलेल्या शरच्चंद्रांविषयी आपलेपणा वाटला असेल, तर नवल नाही. वरेरकरांनी बंगालीतून थेट अनुवाद केले आणि अनेक मराठी वाचकांच्या पिढ्यांना शरच्चंद्र हे जवळजवळ मराठी लेखक वाटू लागले. परंतु त्या आपलेपणात निवड झाली. सोशिक वहिनी, अश्रू ढाळणारी विधवा, वाया गेलेला देवदास ही माणसे मराठी मनात घर करून राहिली. कमलचे प्रश्न आणि सव्यसाचीचा संताप त्या मानाने बाहेरच राहिले. हिंदीत विष्णु प्रभाकर यांनी दीर्घ शोध घेऊन ‘आवारा मसीहा’ हे चरित्र १९७४ साली प्रसिद्ध केले. शरच्चंद्रांचे इतके विस्तृत चरित्र बंगालीबाहेर दुसरे सांगता येणे कठीण आहे. चरित्रकार रंगून, भागलपूर, देवानंदपूर अशी ठिकाणे पायांखाली घालत गेला आणि आख्यायिका एकेक करून तपाशीत गेला.

मराठीत या तपासणीला अजून वाव आहे, आणि तिची एक सुरुवात रंगूनच्या कचेरीतील तळवलकरापासून करता येईल. शरच्चंद्रांनी हे पात्र कोणावरून घेतले, ब्रह्मदेशातील सरकारी व खाजगी कचेऱ्यांत मराठी माणसे किती व कोणत्या कामांवर होती, मराठी अनुवादांत या पात्राचे बोलणे कसे उतरले आहे, हे तीन प्रश्न एकमेकांना लागून आहेत. सामताबेडच्या मेजावर त्यांची उत्तरे मिळणार नाहीत. त्यासाठी रंगूनच्या जुन्या नोकरपट आणि नियतकालिकांच्या फायली चाळाव्या लागतील.